कॅसेटची दुसरी बाजू



हा अंक तुमच्याकडे पंधरा दिवस उशिरा येत आहे. उशीर झाला की आम्ही दरवेळी छापखान्याचं नाही तर थकलेल्या वर्गण्यांचं कारण सांगतो. ती दोन्ही कारणं या वेळीही आहेतच. पण खरं कारण असं की, संपादकीयासाठी ठरवलेला विषय अर्ध्यात टाकून मी आणि आपल्या दोघी कार्यकर्त्या एका जुन्या टेपरेकॉर्डरला कान लावून बसलो होतो.

जरीपटक्यातली आपली खोली सोडावी लागली. घरमालकांना वर मजला चढवायचा आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, इतक्या वर्षांत त्यांनी भाडं दोनदाच वाढवलं. सामान काढताना आठ मार्चचे बॅनर निघाले, वाळलेले रंगाचे डबे निघाले, पथनाट्यात सासूला नेसवायचं नऊवारी निघालं, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, बुटांच्या खोक्यात, अकरा कॅसेटी निघाल्या. बहुतेक भीमगीतांच्या नाही तर भजनांच्या. त्या काळी कोरी कॅसेट महाग पडायची, म्हणून जुन्या कॅसेटच्या वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच रेकॉर्डिंग करायचो. वर आमचीच अक्षरं: ‘शिबिर’, ‘भाषण’, ‘मोर्चा – घोषणा’. एकीवर लिहिलं होतं, ‘जरीपटका शिबिर, नोव्हें. ९४, वकीलताईंचं भाषण’. दुसऱ्या बाजूवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जरीपटका हे नाव मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचं, पण वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. तिथून चालत निघालं की इंदोरा, बेझनबाग, म्हणजे आंबेडकरी चळवळीचं घर. मी इंदोऱ्याची. वडील एम्प्रेस मिलमध्ये आणि आई जरीपटक्यातल्या दोन घरी धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी आईचा कप वेगळा असे, खिडकीत पालथा घातलेला. हे पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

कॅसेट वाजवायची कशावर हा प्रश्नच होता. जरीपटक्याच्या बाजारात एक काका अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. त्यांनी आमच्या मशीनचा पट्टा बदलला, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं आणि तीन कॅसेटी बाजूला काढून ठेवल्या. त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. ‘ये मत चलाना बेटा, हेड भी खराब होगा, फीता भी जाएगा.’ एकीची फीत तुटलेली. उरल्या सात. तारेनं मोबाइलला जोडून त्या सातही आम्ही भरून घेतल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. मोबाइलवर भाषणं पुढे ढकलत ऐकायची सवय लागलेल्या आमच्या धाकट्या मैत्रिणीला हे फार जड गेलं.

वकीलताईंचं भाषण आजही चोख वाटतं. १९९४ साल आठवा. २२ जूनपासून महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला होता. राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच साली आलं. पंचायतीतलं तेहतीस टक्के आरक्षण तेव्हा नवं होतं. आम्हाला सगळं हाताशी आल्यासारखं वाटत होतं. वकीलताईंनी १९५६ चा कायदा समजावला, हिंदू कोड बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं ते सांगितलं, भाकरीचे तुकडे करून दाखवावेत तसे वाटे करून दाखवले. टेपवर मधूनच टाळ्या आहेत. आम्ही त्या भाषणाचं टिपण करून चार पानी पत्रक काढलं आणि ते पुढे सात-आठ वर्षं वाटलं. तुमच्यापैकी काहींच्या घरी ते अजून असेल.

भाषण संपल्यावर मशीन बंद करायला कुणी उठलंच नाही. फीत संपली तेव्हा बहुधा मशीनशेजारी बसलेल्या एखाद्या पोरीनं ती उलटून लावली असावी, कारण दुसरी बाजू मधूनच सुरू होते. कपबशांचा आवाज, एक रडणारं मूल, ‘पंखा लावा वो’ असं कुणाचं तरी म्हणणं. आणि प्रश्न.

पहिला प्रश्न इंदोऱ्याच्या एका मावशींचा. ‘आमी त बौद्ध झालो ना वो बाई, मंग हा हिंदूचा कायदा आमाले कायले?’ सगळ्या हसल्या. वकीलताईही हसल्या आणि म्हणाल्या की, कायद्याचं नाव हिंदू असलं तरी तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. उत्तर बरोबरच होतं. पण मावशी तिथे थांबल्या नाहीत. ‘म्हणजे आमी सोडलं, पण त्यानं आमाले नाही सोडलं.’ हे वाक्य आमच्या पत्रकात नाही. पत्रकात प्रश्नोत्तरं घेतली होती, त्यात फक्त वकीलताईंचं उत्तर आहे.

दुसरीनं विचारलं, आमच्याकडे शेत नाही, वाडा नाही, झोपडपट्टीतली एक खोली, तिचाही पट्टा झालेला नाही. पोरीला वाटा द्यायचा तर कशात द्यायचा? तिला मिळालेलं उत्तर मला नीट ऐकू आलं नाही. तिथे मूल फार रडतं आहे.

मग एक आवाज येतो. वयस्कर, थोडा घोगरा, सिंधी वळणाची हिंदी आणि मधे मधे मराठी. ‘बेटा, मेरी शादी तो पहले हो गई. और कागज पे साइन भी कर दिया. तो मेरा क्या?’ पुढे ती सांगायला लागते. तेरा वर्षांची असताना सिंध सोडलं. तिकडे जे राहिलं त्याबद्दल वडिलांना क्लेममध्ये घर मिळालं. वडील गेल्यानंतर ती एकदा राखीला माहेरी गेली, आणि मिठाईच्या डब्याबरोबर तिच्यासमोर कागद आला...

इथे एक तरुण, खणखणीत आवाज तिला थांबवतो. ‘अम्मा, हे तुमचं वैयक्तिक झालं. आपण विषयाला धरून बोलू या. वेळ कमी आहे.’

तो आवाज माझा आहे.

अम्मा म्हणते, ‘अच्छा, बैठती हूं.’ खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि मी पुढच्या कार्यक्रमाची घोषणा करते. अम्मा किती वेळ बोलली ते मी घड्याळ लावून मोजलं. चाळीस सेकंद. त्या दिवशीच्या माझ्या आभाराच्या भाषणाला सहा मिनिटं लागली आहेत, तेही त्याच टेपवर आहे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. शिबिर वेळेत संपवायचं होतं, वकीलताईंची गाडी होती. एवढ्यावर मी स्वतःला सोडून दिलं असतं. पण खोलीतल्या सामानात इतिवृत्ताची वहीही निघाली. त्या शिबिराच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: ‘सिंधी वस्तीतून प्रतिसाद अल्प. तेथील महिलांना मालमत्तेच्या प्रश्नात रस दिसत नाही.’ हे वाक्य वार्षिक अहवालात गेलं, पुढच्या वर्षीच्या अहवालातही थोड्याफार फरकानं गेलं, आणि मग आम्ही त्या गल्ल्यांमध्ये पत्रकं वाटणंच बंद केलं. शिबिरासाठी जागा मात्र तिथलीच घेत राहिलो, कारण ती स्वस्त पडायची.

वही खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. मी जे पाहिलं असं मला वाटलं, ते मी लिहिलं. मला तिथे दुकानदारांच्या बायका दिसत होत्या, पैसेवाल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे खिडकीतला तो पालथा कप होता. त्या कपाचा राग आजही गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. पण त्या रागामुळे मी एका बाईचं बोलणं ऐकू शकले नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. टेप नसती तर मला ती कळली नसती. आठवणीत मी त्या दिवशी फार छान वागले होते.

आता प्रश्नाकडे येते. तो वैयक्तिक नव्हता. त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांमधला तो सगळ्यात कायद्याचा प्रश्न होता, आणि त्याचे दोन भाग होते.

पहिला भाग लग्नाचा. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीनं मुलींना हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी ज्यांची लग्नं झाली होती त्यांना वगळलं. म्हणजे शिबिराला बसलेल्या बहुतेक साऱ्याजणी त्या हक्कातून बाहेरच होत्या. ज्या कायद्यासाठी आम्ही टाळ्या वाजवत होतो तो आमच्या लेकींसाठी होता. हे वकीलताईंनी पहिल्या बाजूला एका वाक्यात सांगितलेलंही आहे, टेपवर ऐकू येतं. आमच्या पत्रकात ते वाक्य गळलं. अम्माच्या मात्र ते बरोबर लक्षात राहिलं होतं. लग्नाची ही अट केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून गेली. त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत की नाही यावर कोर्टांतून पुढे पंधरा वर्षं वाद चालला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ती गरज नाही असं सांगितलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या पुन्हा उघडता येत नाहीत.

ही झाली वडिलोपार्जित मिळकतीची गोष्ट. अम्माचा प्रश्न कदाचित त्यात बसतही नसेल. निर्वासितांना मिळालेली भरपाई १९५४ च्या कायद्याखालची. तिच्या वडिलांना मिळालेलं घर त्यांचं स्वतःचं धरलं, आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असं धरलं, तर अम्माला त्यात भावांइतकाच वाटा होता, लग्न कधी झालं त्याचा संबंधच नव्हता. फक्त त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात एक मेख होती: घरचे लोक राहत असलेल्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही, भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिनं आपला हिस्सा घ्यायचा. तेही कलम २००५ मध्ये गेलं. १९९४ मध्ये तिला एवढं तरी सांगता आलं असतं की, बाई, वाटा तुझा आहे, मागायची वाट अडलेली आहे.

दुसरा भाग सहीचा. कायदे बदलत गेले, पण हक्कसोडपत्रावरची सही अजून तशीच घेतली जाते. लग्नातला खर्च, बाळंतपणं, सणवार हे सगळं त्या सहीत वसूल होतं. हक्कसोड खरा ठरायचा तर शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीसाठी दस्त नोंदवलेला असावा लागतो. त्यामुळे अम्माला पहिल्यांदा विचारायला हवं होतं की, कागद कसला होता, स्टॅम्पवर होता का, रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं होतं का. राखीच्या ताटाशेजारी केलेली साध्या कागदावरची सही आणि नोंदवलेला दस्त यांत कायद्याच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. चाळीस सेकंदांनंतर आणखी दोन मिनिटं दिली असती तर हा फरक त्या दिवशी तिथल्या सगळ्याजणींना कळला असता.

तुम्ही विचाराल, अम्माला शोधलं की नाही? शोधलं. तिला जाऊन काही वर्षं झाली. तिची मुलगी भेटली. साठीला आलेली, पापडाचा घरगुती धंदा करणारी. तिच्या स्वयंपाकघरातच मोबाइलवर आम्ही ती चाळीस सेकंदं लावली. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं, एकदा ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. म्हणाली, आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. लग्नाच्या व्हिडिओत आई आहे, नाचते आहे, पण व्हिडिओवाल्यानं वरून गाणं लावलं आहे.

मग तिनं सांगितलं की, त्या दिवशी घरी येऊन आई म्हणाली होती, सगळं चांगलं सांगत होते, पण माझ्या कामाचं नव्हतं. हे सांगताना तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, कशाला, सगळे असंच म्हणतात. थोडा वेळ गेल्यावर तिनं असंही सांगितलं की, वडील वारल्यावर तिनंही सही केली आहे. २००५ नंतरची गोष्ट. कायदा तिला माहीत होता. ‘कायदा घर देगा, मायका तो भाई देंगे ना.’

मी काही बोलले नाही. तिला पेन ड्राइव्हवर आवाज भरून दिला. तिनं लिहायला परवानगी दिली, पण नाव नको, गल्ली नको, आणि टेप कुठे चारचौघांत लावू नका. मामा अजून आहेत, त्यांच्या कानावर जाईल. यावरून आमच्या बैठकीत बराच वाद झाला. एका मैत्रिणीचं म्हणणं, बाईला तेव्हाही गप्प केलं आणि आताही करता आहात. दुसरी म्हणाली, आवाज अम्माचा आहे, तिला विचारता येत नाही, मग तिच्या लेकीनं सांगितलं ते पाळायचं. मी दुसरीच्या बाजूनं मत दिलं. पहिलीचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. टेप लावणार नाही एवढं ठरलं.

या निमित्तानं आम्ही आपल्याच इतिहासाकडेही थोडं वळून पाहिलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजार बायका जमल्याचं सांगतात. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला विरोध, गिरणीतल्या बायकांना रजा आणि पेन्शन, गिरणीत देखरेखीला बाईच असावी, मुलींसाठी वसतिगृहं, कायदेमंडळात जागा, असे त्या परिषदेचे ठराव. लग्नाची घाई करू नका, मुलांची संख्या वाढवू नका, नवऱ्याची गुलाम नको तर मैत्रीण व्हा, अशा आशयाचं बाबासाहेबांचं भाषण छापलेलं आहे आणि आपण ते दर १४ एप्रिलला वाचतो. पण मांडवात बसलेल्या पंचवीस हजारांनी काय विचारलं? घरी जाताना त्या एकमेकींशी काय बोलल्या? ते कुणी लिहून घेतलं नाही. ज्या गिरणीकामगार बायकांसाठी तो पेन्शनचा ठराव होता, त्यांच्यातल्याच नागपूरच्या राधाबाई कांबळे १९२९ च्या रॉयल कमिशनपुढे साक्ष द्यायला गेल्या होत्या. कमिशननं विचारलं म्हणून त्यांचं म्हणणं कागदावर आलं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना हुडकून, भेटून, बोलतं केलं, तेव्हा कुठे १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या आवाजाचं आणि चित्रांचं संग्रहालय सुरू केलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, पुष्कळशा आवाजासकट. (इथे एक गोष्ट मनात येते. बाई गायला लागली की आपण मशीन काढतो, आणि ती बोलायला लागली की घड्याळ पाहतो.) फाळणीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारी ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ ही संस्था २०१० पासून काम करते आहे. म्हणजे म्हातारी माणसं जाण्याआधी त्यांचा आवाज ठेवायला हवा हे कळलेले लोक होते. आपण शिबिरं घेत होतो, आपल्याकडे मशीनही होतं, आणि आपण वक्त्यांचा आवाज ठेवत होतो.

फाळणी म्हटलं की मला पंजाब आठवायचा. गाड्या भरून आलेली प्रेतं, पळवलेल्या बायका. उर्वशी बुटालिया यांचं आणि रितू मेनन–कमला भसीन यांचं, अशी दोन्ही पुस्तकं १९९८ साली आली, ती मी वाचली होती, शिबिरात त्यांवर बोललेही होते. बोलत होते जरीपटक्यात बसून, आणि समोरच्या सिंधी बायकांना त्यांचं काय झालं हे विचारायचं मला सुचलं नाही. सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत तिकडे गेला. कराचीत ६ जानेवारी १९४८ ला दंगल झाली आणि त्यानंतर लोकांचे लोंढे निघाले. पंजाबइतकं रक्त सांडलं नाही, म्हणून ती गोष्ट मोठी धरली गेली नाही. या लोकांना पुन्हा आपला म्हणावा असा प्रांतही मिळाला नाही. त्यांची भाषा आठव्या परिशिष्टात यायला १९६७ उजाडलं. सिंधी बायकांनी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: घर गेलं, घरातल्या पुरुषांची पत गेली, आणि म्हणून बाईला उंबऱ्याबाहेर पडून पापड, शिवण, शिकवण्या करायला मोकळीक मिळाली. अम्माच्या लेकीनंही हेच सांगितलं. तिच्या आजीनं घुंगट निर्वासितांच्या छावणीत सोडला. एवढी मोठी आपत्ती येऊन बाईला मोकळं करून गेली, आणि क्लेमचा कागद आला तेव्हा त्यावर नाव मात्र बापाचं, मग भावांचं. आपल्या ठरीव भाषणांमध्ये ही गोष्ट कुठे बसवायची ते मला अजून समजलेलं नाही.

गेले तीन महिने शनिवारी आम्ही काही जणी बसून ऐकतो आहोत. इंदोऱ्याच्या पाच-सहा, जरीपटक्याच्या तीन, कधी चार. मोबाइल आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. नियम एकच केला आहे: कुणीही कधीही ‘थांबवा’ म्हणायचं आणि आवाज थांबवायचा. मंचावर बसलेल्या वक्त्याला आपण असं थांबवू शकत नाही. पहिल्या शनिवारी कुणी तोंड उघडेना. आता वीस मिनिटांचं बोलणं ऐकायला दोन तास लागतात.

बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आम्ही लावली. ती इंग्रजीत आहे, म्हणून अकरावीतली एक पोरगी वाक्यावाक्याला थांबवून सांगत होती. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी, ज्यांनी छप्पनची दीक्षा लहानपणी पाहिली, त्या पहिल्यांदा गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘आवाज असा असन असं नोतं वाटलं. मी त मोठा गडगडाट समजून राहिली होती.’ गांधीजी, पुणे करार असं बोलणं चालू होतं. मधेच जरीपटक्याच्या एकीनं ‘थांबवा’ म्हटलं आणि विचारलं, ‘बायकांचं काही विचारलं नाही का त्यांना? चार वर्षांआधी तर बिलावरून खुर्ची सोडली होती ना यांनी?’ आम्ही ऐकलेल्या भागात तरी मुलाखत घेणाऱ्यानं ते विचारलेलं नाही. इतकी वर्षं या मुलाखतीबद्दल मी ऐकत आले होते, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि ती माझ्या लक्षात आणून देणारी बाई त्या गल्लीतली होती, जिथे आम्ही पत्रकं वाटणं बंद केलं होतं.

सगळंच असं गोड चाललं आहे असं नाही. दोनदा भांडण झालं. एकदा आरक्षणावरून, आणि ते इतकं तापलं की जरीपटक्याच्या दोघी पुढचे दोन शनिवार आल्या नाहीत. मी कपाची गोष्ट तेव्हा सगळ्यांसमोर सांगितली. कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या शनिवारी एक जण आली, दुसरी अजून आलेली नाही.

आता तुमच्याकडे मागणं आहे. आपल्या गटांकडे, विशेषतः यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या मैत्रिणींकडे, शिबिरांच्या कॅसेटी नक्की असतील. फेकू नका, आणि घाईनं वाजवूही नका. पांढरी बुरशी दिसली तर तशाच ठेवा. फीत ढिली असेल तर षट्कोनी पेन्सिल घालून हातानं घट्ट करून घ्या. भाषण आमच्याकडे आहे असं समजून पहिली बाजू सोडून दिलीत तरी चालेल, पण उलटी बाजू शेवटपर्यंत ऐका, मधे पाच मिनिटं शांतता असली तरी. ज्यांचे आवाज सापडतील त्यांना, नाही तर त्यांच्या घरच्यांना, आधी कळवा, आणि मग आम्हाला. हक्कसोडपत्रावर सही केलेल्या किंवा करायला नकार दिलेल्या बायकांची माहिती पुढच्या अंकासाठी हवी आहे. कागद साधा होता की नोंदवलेला, ते आवर्जून लिहा. नाव छापायचं की नाही तेही सांगा.

नवी खोली मिळेपर्यंत शनिवारची बैठक अम्माच्या लेकीच्या ओट्यावर होते आहे, दुपारी साडेचारला. तिनं स्वतःहून बोलावलं. पापड वाळत घातलेले असतात, तेव्हा बाजूनं या.